गाडीला आवतन

आमच्या दादाची मोटरसायकल केळझरच्या टेकडीखाली सुरू झाली, की सिंदी रेल्वेच्या फलाटावर बसलेली माणसं आगगाडी आली म्हणून बोचकी उचलायची. यात मी काही वाढवून सांगत नाही. उलट थोडं कमीच सांगतो आहे, कारण पुढचं जे सांगायचं आहे ते तरी तुम्हाला खरं वाटलं पाहिजे.

मी खोटं बोलतो हे तालुक्याला ठाऊक आहे. कचेरीत मी कारकून. लोक दाखल्यासाठी येत, माझा किस्सा ऐकत आणि दाखला विसरून घरी जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा येत, ते दाखल्यासाठी की उरलेल्या किश्श्यासाठी हे मी कधी विचारलं नाही. दादा मात्र खोटं बोलत नसे. एका घरातलं सगळं खोटं धाकट्याच्या वाट्याला आल्यावर थोरल्याकडे दुसरं काय उरणार?

गाडी वडिलांच्या वेळची. टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सरची, टाकी रांजणासारखी. तिची किक डावीकडे, आणि तीच किक पुढे वळवली की तिचा गेअर व्हायचा. एकच दांडा, दोन कामं. म्हणजे गाडी सुरू करायची ती डाव्या पायानं आणि पळवायची तीही डाव्या पायानं. उजव्या पायाकडे फक्त ब्रेक, आणि ब्रेक लागत नसे, म्हणून उजवा पाय बसूनच खायचा. ती इतका धूर सोडायची की आमच्या शिवारात कपाशीवर फवारणी करायची गरज पडली नाही. लोक हसतात. हसू द्या.

घरी ट्रॅक्टर आला आणि बैल गेले. त्या वर्षी पोळ्याला आमच्या दारात पूजेला कोणी नव्हतं. वहिनी पुरणाचं ताट घेऊन रिकाम्या गोठ्याकडे बघत उभी. दादानं गाडी धुतली, हँडलाला बेगड लावली, टाकीवर बैलाची जुनी झूल टाकली आणि गाडी ढकलत नेऊन गावच्या तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभी केली. मारुतीच्या पारावरचा एक म्हातारा काठी आपटत आला.

"हे काय आनलं बे? ह्याले शिंगं कुठं हायेत?"

"हँडल काय हाय मंग?" दादा म्हणाला.

"शेन देते काय हे?"

"धूर देते ना. तुमच्या बैलाच्या शेनानं मच्छर पळते काय, काका?"

बैल हसले असं मी सांगत असतो. बैल हसले नाहीत, पण माणसं हसली आणि गाडी रांगेत राहिली. तेव्हापासून दरवर्षी तिचा पोळा होऊ लागला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे लोणी आणि हळदीनं मळतात, पळसाच्या पानानं शेकतात, आणि त्याच्या कानाशी आवतन देतात, म्हणजे जेवायचं आमंत्रण: आज आवतन घे, उद्या जेवाले ये. दादा गाडीचं हँडल मळायचा. दोन्ही मुठींना लोणी चोपडायचा, हेडलाइटच्या कानाशी वाकून आवतन द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच हँडल हातातून निसटून त्यानं कितीदा तरी कुंपण पाडलं, पण आवतन चुकवलं नाही.

माझी पोरं लहान होती तेव्हा ती विचारत, "मोठे बाबा, गाडी तान्ह्या पोळ्यात काऊन नाई नेत?" तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, लाकडी बैलांचा. आमच्या सिंदीला हत्तीएवढे लाकडी नंदी निघतात, खाली चाकं लावलेले, दोरीनं ओढलेले. दादा पोरांना दटावायचा.

"लाकडाच्या बैलाले ओढा लागते. आपली गाडी सोता चालते. जो सोता चालते तो मोठ्या पोळ्यातच जाते."

आता पायाचं सांगतो.

दादा गाडीवर चप्पल घालून बसे, आणि डावा पाय सायलेन्सरला टेकलेला असे. एकदा सेलूहून येताना पायाची कातडी भाजल्याचा वास मला मागच्या सीटवर आला, त्याला नाही. खाली उतरून पाहिलं तर घोट्याजवळ फोड. त्याला पत्ताच नव्हता. झालं, मला वर्षभराचा किस्सा मिळाला. चहाच्या टपरीवर मी सांगत सुटलो: आमच्या दादाचा पाय असा आहे की सायलेन्सरला चटका बसतो आणि मेकॅनिककडे सायलेन्सरला मलम लावावं लागतं. टपरी हसायची. दादाही हसायचा, पाय पुढे करून दाखवायचा. "पाह्य, काहीच लागत नाई." साखर आहे हे त्याला ठाऊक होतं, गोळ्या आठवेल तेव्हा घ्यायचा. साखर पायातल्या नसा खाऊन बसली होती आणि आम्ही सगळे तिच्यावर टाळ्या वाजवत होतो.

पुढच्या वेळी भाजलं ती जखम भरली नाही. ती काळी पडली. आम्ही त्याला सेवाग्रामला दवाखान्यात नेलं तेव्हा अंगठा कोळशासारखा झाला होता आणि वास असा, की शेजारच्या खाटेवरच्या माणसानं तोंड फिरवलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती. हातात काडीला लावलेला एक बारीक दोरा होता. ती म्हणाली, "काका, डोळे मिटा. मी कुठं टोचते ते सांगायचं."

दादानं डोळे मिटले. ती तळव्यावर टोचत गेली. टाच, मधला भाग, बोटांखाली, पुन्हा टाच. दादा शांतपणे वाट पाहत होता. बराच वेळ झाल्यावर म्हणाला,

"टोचा ना मंग, बाई."

वहिनीनं पदर तोंडात धरला. मी खिडकीबाहेर बघू लागलो. 

पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, असं बाई म्हणाली. विष वर चढतंय, थांबलो तर माणूस हाती लागणार नाही. दादानं ऐकून घेतलं आणि मान हलवली: नाही.

"दादा, असं काऊन करून राह्यला?" मी म्हणालो.

"पाय नाई त किक नाई. किक नाई त गाडी नाई. अन् गाडी नाई त मी वावरात काय फरफटत जाऊ?"

"मी नेतो ना तुले."

"तू? तू त वावर कुठं हाय हेबी खोटं सांगतं."

वहिनी रडली, ओरडली, जेवण सोडलं. बाईनं पुन्हा पुन्हा समजावलं. दादा भिंतीकडे तोंड करून पडून. मग माझी पाळी आली आणि मी माझं हत्यार काढलं. हिंगणघाटला एक माणूस आहे, त्याला सांगितलं, एकच पाय, पण मोटरसायकल अशी चालवतो की पोलीस त्याच्या मागे लागले तर पोलिसांचीच गाडी गरम होते.

दादा तोंड न वळवता म्हणाला, "मागच्या खेपी सांगतलं तवा तो आंधळा होता."

खरंच होतं. मागच्या वेळी तो आंधळा होता. माझी खोटी माणसं मला लक्षात राहत नाहीत, दादाला राहतात. एक माणूस मरायला निघाला होता आणि त्याला थांबवायला माझ्याकडे जे होतं ते त्याच्यापुढे फुकट होतं. तो जन्मभर माझ्या शेजारी झोपला होता, त्याला माझी प्रत्येक थाप आतून-बाहेरून माहीत होती.

मी हरल्यासारखा खाटेवर बसलो. एक्स-रेचा पिवळा लिफाफा मांडीवर होता. काही तरी बोलायचं म्हणून मी पेन काढून त्यावर गाडी काढू लागलो. "किक काढून टाकू," मी म्हणालो. "सेल्फ बसवू. बटन दाबलं का सुरू. अन् गेअर हातात घेऊ, जुन्या स्कूटरसारखा. हे पाह्य, उजव्या हाताले."

दादानं मान वळवली.

"उजव्या हाताले?"

"मंग?"

"उजव्या हातात ॲक्सिलेटर हाय ना बे. त्याच हातानं गेअर टाकशीन त रेस कोन देईन, तुया सासरा?"

ही पहिली चूक खरी होती. मी गाड्यांमधला अडाणी, मागच्या सीटवरचा माणूस. पण दादाच्या डोळ्यात जे आलं ते मी पाहिलं. दवाखान्यात आल्यापासून ते तिथं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: ह्या माणसाला थाप चालत नाही, पण चूक सहन होत नाही. कोणी नट उलटा फिरवत असेल तर हा तिरडीवरून उठून पाना हातात घेईल.

मग मी चुका करायला बसलो, आणि सांगतो, थापा मारण्यापेक्षा ते अवघड काम आहे. थाप कशीही चालते, चूक मात्र नेमकी लागते. फार मोठी केली तर तो समजेल, फार लहान केली तर सोडून देईल.

"बरं, डाव्या हाताले घेतो," मी म्हणालो. "सेल्फले बॅटरी तं हायेच आपली."

"कोनती?"

"हीच जुनी. सहा व्होल्टची."

"सहा व्होल्टवर सेल्फ फिरन?" तो कोपरावर उठला. "दिवा त पेटत नाई धड त्याच्यावर! वायरिंग सगळं बदला लागन. बारा व्होल्टचं. डायनामो काढून फेक. अन् मोटर कुठं बसवशीन, सांग."

"सीटखाली."

"अन् इंजिन काय सीटखाली हाय? आन इकडं तो पेन."

त्यानं लिफाफा हिसकावला. वहिनी श्वास धरून उभी. बाई दारात थांबली होती, मी तिला हातानंच तिथं राहा म्हणून खुणावलं. दादा रेघा मारत होता, खोडत होता, मला शिव्या देत होता. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, जुना ड्रम नको. हेडलाइट पांढऱ्या उजेडाचा. धक्के झेलणारे शॉकॉब नवे. ती गाडी इतकी सुधारली की वडील वरून खाली आले असते तर त्यांनी तिला नमस्कार करून वाट विचारली असती.

शेवटी मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेलो आणि म्हणालो, "उभी राह्यली तं तोल कसा सांभाळशीन? बाजूनं एक चाक लावू. उजव्या अंगाले."

"उजव्या अंगाले काऊन?" दादा कावला. "डाव्या अंगाले पाह्यजे चाक. पाय तिकडचा चालला ना!"

पाय चालला. तो शब्द त्याच्याच तोंडून आला होता आणि तो आता लिफाफ्याकडे बघत बसला होता, जणू तिथं कोणी दुसऱ्यानंच तो लिहून ठेवला होता. मग त्यानं पेन बाईकडे केला.

"कुठं सही कराची?"

दुसऱ्या दिवशी पाय काढला.

शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "मिस्त्रीले सांगतलं काय?" मी सांगितलं होतं. सिंदीच्या एका मिस्त्रीनं गाडी टेम्पोत घालून नेली आणि इंजिन उघडलं. तो म्हणाला की हिच्या आतल्या चकत्या आता फक्त भंगारात मिळतात, शोधाव्या लागतील. दादा खाटेवरून फोनवर त्याला हुकूम देई. बाजूचं चाक मिस्त्रीनं नंदी बनवणाऱ्या सुताराकडून करवून घेतलं, कारण सिंदीत चाकाचा तोल त्या सुताराइतका कोणाला कळत नाही. ते ऐकून दादा हसला होता. "नंदीचं चाक माया गाडीले? लावा लेकहो."

पण जखम चिघळली. पुन्हा चाकू लागला, या वेळी गुडघ्याच्या वर. आता गुडघ्यानं टाकी आवळता येणार नव्हती, तेव्हा सीटला पाठ आणि पट्टा आला. मग एका सकाळी म्हणाला की वॉर्डातले पंखे एकाचे दोन दिसतात; साखर डोळ्यात गेली होती. तेव्हा हेडलाइट आणखी मोठा झाला. दादा जसा कमी होत गेला तशी कागदावरची गाडी वाढत गेली. टपरीवर लोक विचारत, मी सांगे की तिला आता कॉकपिट बसवणार आहोत, विमानाचा परवाना लागणार. टपरी हसायची. मी चहा तसाच ठेवून उठायचो.

घरी आणल्यावर थोडे दिवस बरे गेले. अंगणात खुर्चीवर बसे. मिस्त्रीनं गाडीचा सांगाडा आणून दिला होता: फ्रेम, टाकी, हँडल, डावीकडे ते नंदीचं चाक. इंजिनाच्या जागी भोक. त्या भोकातून पलीकडचं तुळशीवृंदावन दिसायचं. "इंजिन येईन," दादा रोज म्हणायचा. मग अंगावर सूज आली. मूत्रपिंडं गेली होती. आता मशीनवर रक्त धुवायचं, आठवड्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा, आणि ते थांबवायचं नाही. तो मशीनवर जाऊ लागला. हाताच्या नसेत सुया, तासन् तास पडून राहणं, परतताना ऑटोत उलट्या. काही आठवडे गेला आणि मग एका सकाळी ऑटो दारात उभी असताना तो खुर्चीतून उठला नाही.

"नाई जात आता."

ऑटोवाल्याला परत पाठवलं. वहिनीनं दादाला हात जोडले, त्याच्या आईची शपथ घातली. तो नुसता मान हलवत राहिला, तीच जुनी नाही. न धुता किती दिवस निघतील ते बाईनं आम्हाला सांगून ठेवलं होतं, आणि फार सांगितलं नव्हतं.

दुपारी वहिनी मला विहिरीपाशी गाठून उभी राहिली. इतक्या दिवसांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "एखादी चूक करा ना."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. तिथं, त्या वॉर्डातच कळलं होतं. मी मान डोलावली.

ती संध्याकाळ पोळ्याच्या आदल्या दिवसाची होती. गावात बैलांचे खांदे मळणं चाललं होतं, पळसाच्या पानांचा ओला वास गल्लीभर. मी लोण्याची वाटी घेऊन अंगणात आलो आणि दादाच्या खुर्चीशेजारी सांगाड्यापाशी बसलो. हँडलाला लोणी लावता लावता सहज बोलावं तसं बोललो.

"मिस्त्रीचा फोन आलता. इंजिन पुढच्या हप्त्यात बसते म्हनते."

"हं."

"बारा व्होल्टची बॅटरी भेटून नाई राह्यली. मी म्हनलं, सहाचीच ठेव."

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मुठीवर हळद चोळत राहिलो आणि शिवीची वाट पाहिली.

"ठेव," दादा म्हणाला.

मी दुसरी मूठ घेतली.  "अन् गेअर," मी म्हणालो, "डाव्या हाताले जमत नाई म्हनते तो. उजव्या हातालेच घेऊ. ॲक्सिलेटरच्या बाजूनं."

शेजारच्या गोठ्यात कोणी तरी बैलाला आवतन देत होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात तवा तसाच.

"घे," दादा म्हणाला.

मी अजून चुका आणल्या होत्या. चांगल्या, नेमक्या, दुपारभर बसून घडवलेल्या. पण त्या बाहेर काढाव्यात असं वाटेना. दादा माझ्याकडे बघत होता, अर्ध्या दिसणाऱ्या डोळ्यांनी, आणि त्याच्या तोंडावर किंचित हसू होतं. त्या हसण्यावरून मला समजलं की वॉर्डातल्या पहिलीनंतरच्या सगळ्या चुका मुद्दाम केलेल्या आहेत हे त्यानं ओळखलं होतं, आणि तेव्हा त्याला दुरुस्त करायची इच्छा होती म्हणून त्यानं दुरुस्त केली होती. माझ्या चुकांचं त्यात काही नव्हतं.

"आवतन दे तिले," तो म्हणाला. "माह्यानं वाकनं होत नाई."

मी उठलो. हेडलाइट अजून आलेला नव्हता, त्याच्या जागी नुसती वाटीसारखी पोकळी. तिच्याशी वाकलो.

"आज आवतन घे," मी म्हणालो, "उद्या जेवाले ये."

"उद्या काऊन?"

मी वळून पाहिलं. आवाज जुना होता, कावलेला, चूक सापडल्यावरचा. तवा हातात घेऊन वहिनी एक पाऊल पुढे आली.

"उद्या मोठा पोळा हाय," दादा म्हणाला. "उद्या सोता चालनाऱ्यायचा. हे चालते काय आता? परवाचं आवतन दे. परवा तान्हा पोळा. दोर बांधजो तिले, अन् पोरायले ओढाले सांगजो."

वहिनी आत निघून गेली. तवा खाली ठेवल्याचा आवाज आला.

मी पुन्हा त्या पोकळीशी वाकलो. माझ्या तोंडून आजवर किती थापा गेल्या असतील, एकदाही जीभ अडली नव्हती. त्या वेळी अडली. दादा पाठीमागून वाट पाहत होता, म्हणून म्हणालो.

"आज आवतन घे. परवा जेवाले ये."

"बराबर," दादा म्हणाला.